गोव्याचं उच्च न्यायालय कुणाचं, आणि तिथले न्यायमूर्ती निवडतं कोण?

साखळीचा मास्तर

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात मेहुण्याबरोबर पर्वरीला उच्च न्यायालयात जायचा योग आला. प्रकरण मुंडकारीचं, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहण्याच्या हक्काचं, त्याच्या वडिलांच्या काळापासूनचं. मी नुसता सोबतीला गेलो होतो आणि मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. आमचे वकील बोलत असताना न्यायमूर्तींनी त्यांना थांबवलं आणि विचारलं, मुंडकार आणि कूळ यांत फरक काय? भाटकाराच्या जागेत घर असलेला प्रत्येक जण मुंडकार होतो का? वकिलांनी १९७५ चा कायदा उघडून सांगायला सुरुवात केली. न्यायमूर्ती लिहून घेत होते, अडलं की पुन्हा विचारत होते. मला ते फार आवडलं. न समजता निकाल देणाऱ्यापेक्षा विचारणारा न्यायाधीश केव्हाही चांगला.

पण परतताना कदंबाच्या बसमध्ये बसलो आणि डोक्यात एकच विषय. मुंडकार हा शब्द आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो. तो ज्यांना विचारून घ्यावा लागतो, ते आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायासनावर येतात कसे? त्यांना निवडतं कोण, इथे पाठवतं कोण, आणि त्यात गोव्याचा शब्द किती? तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण याचं उत्तर माझ्याकडे धड नव्हतं. मग वाचत बसलो. जेवढं कळलं तेवढं मांडतो. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

राज्यघटनेचं कलम २१४ म्हणतं की प्रत्येक राज्याला एक उच्च न्यायालय असेल. मी मुलांना हेच पाठ करायला लावायचो. पण त्यापुढे कलम २३१ आहे, ते मी कधी शिकवलंच नाही. संसद कायदा करून दोन किंवा अधिक राज्यांसाठी एकच उच्च न्यायालय ठेवू शकते. आपण त्या कलमाखाली येतो. ३० मे १९८७ ला आपण घटक राज्य झालो, त्या वेळच्या पुनर्रचना कायद्यातच लिहिलं गेलं की महाराष्ट्र, गोवा, आणि दादरा नगर हवेली व दमण दीव या सगळ्यांचं उच्च न्यायालय एकच, मुंबईचं. पर्वरीच्या इमारतीवर ‘मुंबई उच्च न्यायालय, गोवा येथे’ असं लिहिलंय ते त्यामुळे. (इंग्रजीत अजून ‘बॉम्बे’च आहे. नाव बदलायचं विधेयक २०१६ मध्ये आलं होतं, पण मंजूर झालं नाही.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वतःची विधानसभा आहे, राज्यपाल आहेत, लोकसेवा आयोग आहे, मग उच्च न्यायालयही स्वतःचं असायला हवं. तुम्हाला काय वाटतं?


पर्वरीची वकीलबाई

मास्तर, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. बावीस वर्षं इथे वकिली करते आहे, आणि पक्षकारांना हेच समजावण्यात माझा बराच वेळ जातो. ‘मॅडम, इथे हरलो तर मुंबईला जायचं का?’ असं निदान दहा जणांनी तरी विचारलं असेल. नाही हो. पर्वरीचं न्यायालय मुंबईच्या हाताखाली नाही. ते मुंबई उच्च न्यायालयच आहे, फक्त बसतं इथे. इथल्या खंडपीठाच्या निकालाला आणि मुंबईच्या खंडपीठाच्या निकालाला वजन सारखंच. त्यापुढची पायरी थेट दिल्ली.

आता रचना. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर न्यायमूर्तीसंख्या ९४ आहे. त्यात ७१ कायम आणि २३ अतिरिक्त. सगळी पदं एकाच वेळी भरलेली मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेली नाहीत. हे सगळे मिळून एकच न्यायालय. मुख्य पीठ मुंबईत, बाकीचे नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला आणि आपल्याकडे बसतात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालं आहे. कुणी कुठे बसायचं, कुणी कोणत्या प्रकारची प्रकरणं ऐकायची, हे एकटे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. म्हणून त्यांना ‘मास्टर ऑफ द रोस्टर’ म्हणतात. इतर न्यायमूर्तींपेक्षा त्यांच्या निकालाला वजन जास्त नसतं, पण कामवाटप पूर्ण त्यांच्या हातात.

गोव्यात त्यामुळे एका वेळी मोजकेच न्यायमूर्ती असतात. दोघांचं खंडपीठ बसतं, ते जनहित याचिका आणि मोठ्या रिट ऐकतं. एकेकटे बसणारे अपिलं, जामीन, पुनरीक्षण वगैरे बघतात. काही महिन्यांनी बैठकीची यादी बदलते. कुणी मुंबईला परत जातं, कुणी नागपूरहून येतं. तुम्ही पाहिलेले न्यायमूर्ती बहुधा नुकतेच आले असणार. सहा महिन्यांनी तेच न्यायमूर्ती कोमुनिदादच्या (गावकीच्या सामाईक जमिनींच्या) संहितेवर वकिलांना शिकवतात, हे मी अनुभवलंय.

निवडीबद्दल रात्री लिहिते, उद्याच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीवर) माझी चार प्रकरणं आहेत.


बांदेकर

मी सीमेपलीकडचा, बांद्याचा. आमचं अर्धं आयुष्य गोव्यात जातं. बाजार म्हापशाचा, इस्पितळ बांबोळीचं, पोरगा पणजीत नोकरीला. पण कोर्ट? आजवर मुंबई. पाचशे किलोमीटर. रात्रीची गाडी पकडायची, सकाळी कोर्टात उभं राहायचं, तारीख घ्यायची, परत रात्रीची गाडी. आता कोल्हापूर झालं, त्याचा आनंद आहेच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी किती वर्षं झगडा दिला ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठण्यापेक्षा पर्वरी आम्हाला तासाभरावर. न्यायालय जर एकच आहे, तर आमचं प्रकरण पर्वरीत का चालत नाही?


पर्वरीची वकीलबाई

बांदेकर, प्रश्न रास्त आहे. न्यायालय एक असलं तरी प्रत्येक पीठाचा मुलूख आखून दिलेला असतो. पर्वरीचं पीठ गोव्यात उद्भवलेल्या प्रकरणांसाठी. ते संसदेच्या कायद्याने आलं. कोल्हापूरचं बेंच १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याखाली मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने बसवलं, आणि त्याचे सहा जिल्हे त्या अधिसूचनेतच ठरले. गंमत बघा, दमणची माणसं महाराष्ट्रातली नाहीत, तरी त्यांचं प्रकरण मुंबईच्या मुख्य पीठातच जातं.

आता निवड. जमेल तितकं सोप्या भाषेत सांगते.

पात्रता घटनेच्या कलम २१७ मध्ये आहे. भारताचा नागरिक हवा, आणि एकतर दहा वर्षं न्यायिक पद सांभाळलेलं असावं किंवा दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी. बस्स. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात वकिलांमधून घेताना साधारण ४५ ते ५५ वय पाहतात, उत्पन्न पाहतात, आणि निकालात आलेली त्यांची प्रकरणं पाहतात. साधारण दोन तृतीयांश वकिलांतून, एक तृतीयांश जिल्हा न्यायाधीशांतून, अशी वहिवाट आहे. निवृत्ती ६२ व्या वर्षी.

नावाची सुरुवात मुंबईत होते. मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्यानंतरचे दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, हे उच्च न्यायालयाचं कॉलेजियम. त्यांनी नावं ठरवली की फाईल राज्य सरकारकडे. आणि इथे गोव्याचा शब्द येतो, मास्तर. न्यायालय सामाईक आहे म्हणून महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व राज्यपाल आणि गोव्याचे मुख्यमंत्री व राज्यपाल, दोन्हीकडे विचारणा होते. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमचे ठराव वाचा, त्यात दोन्ही राज्यांचा उल्लेख असतो. म्हणजे उद्या नागपूरच्या एखाद्या वकिलाचं नाव गेलं तरी त्यावर गोवा सरकारचं मत मागितलं जातं. सहा आठवड्यांत मत आलं नाही तर त्यांना काही म्हणायचं नाही असं धरून पुढे जातात.

मग केंद्राचं कायदा खातं, गुप्तचर विभागाचा अहवाल, मग सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम. उच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठी त्यात सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती असतात. ते ज्या न्यायमूर्तींना त्या उच्च न्यायालयाची माहिती आहे त्यांनाही विचारतात. तिथून परत केंद्राकडे आणि शेवटी राष्ट्रपतींच्या सहीचं वॉरंट. शपथ राज्यपाल किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती देते.


कायद्याचं तिसरं वर्ष

ताई, एक शंका. कलम २१७ मध्ये कॉलेजियम हा शब्दच नाही. तिथे राष्ट्रपतींनी सरन्यायाधीश, राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी ‘विचारविनिमय’ करून नेमायचं असं आहे. मग न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात ही पद्धत आली कुठून? वर्गात सरांनी तीन खटले सांगितले, पण परीक्षेपुरते पाठ केले. ते नीट कळावेत असं वाटतं.


पर्वरीची वकीलबाई

पाठ केलेस ते वाया जाणार नाही. सगळा झगडा त्या एका शब्दाचा, विचारविनिमय म्हणजे काय. १९८१ च्या एस. पी. गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, शेवटचा शब्द सरकारचा. आणीबाणीत न्यायमूर्तींच्या बदल्या कशा झाल्या ते ज्यांनी पाहिलं होतं, त्यांना तो निकाल टोचला. १९९३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते उलटवलं आणि न्यायपालिकेच्या मताला प्राधान्य दिलं. १९९८ मध्ये राष्ट्रपतींनी सल्ला मागितला तेव्हा कॉलेजियममध्ये किती जण, कसं ठरवायचं, हे स्पष्ट झालं. पुढे २०१४ मध्ये संसदेने ९९ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. त्यात कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्तीही होत्या. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला. वेगळं मत न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचं होतं. बहुमताचा निकाल वाचलास तर त्यांचं मतही वाच, दोन्हीकडचं बळ कळेल.

माझं स्वतःचं म्हणणं असं आहे की सरकारच्या हातात पूर्ण निवड देऊ नये, कारण उच्च न्यायालयात पुष्कळ खटले सरकारविरुद्धच असतात. पण बंद दाराआड निवड होते, नाव का गेलं नाही हे कुणाला कळत नाही, हेही मला सलतं. माझ्या ओळखीत एक फार हुशार, सचोटीचे ज्येष्ठ होते. त्यांचं नाव चर्चेत यायचं, पुढे काय झालं ते त्यांनाही कधी कळलं नाही. पंचावन्न उलटलं आणि विषय संपला.


भाटातलो

मी शेतकरी माणूस, पेडण्याकडचा. इंग्रजी कागद वाचायला भाचा लागतो. तुमची चर्चा वाचतोय. माझं काजूचं भाट (बागायत) आणि वाटणीचं प्रकरण सोळा वर्षं चाललंय. एका कचेरीत एक नक्कल मिळायला आठ महिने गेले, ती मिळेपर्यंत चुलता वारला, मग त्याचे वारस जोडायचे म्हणून आणखी दोन वर्षं. उच्च न्यायालयात आल्यावर मात्र पहिल्या तीन तारखांत अर्ध्याहून जास्त ऐकून झालं. मग न्यायमूर्ती बदलले. नव्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून. मला त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही, दोघेही भले. पण मला एवढंच विचारायचंय, गोव्यासाठी ठरलेले न्यायमूर्ती का असू नयेत? कुणी का निवडेना, पण ऐकायला सुरुवात केली की संपेपर्यंत तोच माणूस हवा.


जुना शिरस्तेदार

भाटातलो, तुमचं दुःख समजतं. मी ३७ वर्षं न्यायालयाच्या नोकरीत काढली, त्यातली सुरुवातीची ज्युडिशियल कमिशनरच्या काळातली. आजच्या मुलांना तो काळ माहीत नाही म्हणून थोडं सांगतो, कारण मास्तरांच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

पोर्तुगीज काळात गोव्याचं स्वतःचं उच्च न्यायालय होतं. ‘त्रिबुनाल द रेलासांव’. १५४४ ची स्थापना. मुंबई उच्च न्यायालय १८६२ चं, म्हणजे आपलं तीनशे वर्षांनी जुनं. आणि नुसतं गोव्याचं नव्हे, एके काळी मोझांबिकपासून मकाव आणि तिमोरपर्यंतची अपिलं गोव्यात यायची. इथे हरलं की लिस्बनला. मुक्तीनंतर १९६३ साली ते बंद झालं आणि ज्युडिशियल कमिशनरचं न्यायालय आलं. केंद्रशासित प्रदेश होतो ना आपण. त्या न्यायालयाला १९६४ च्या कायद्याने काही कामांपुरतं उच्च न्यायालय मानलं गेलं. मग १९८१ चा कायदा झाला आणि ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं पीठ पणजीत बसू लागलं. तो दिवस मला आठवतो. आम्ही कर्मचारी घाबरलेले. मुंबईचे नियम, मुंबईचे फॉर्म, मुंबईच्या पद्धती. रजिस्टरं नव्याने आखली. पण वकील खूश होते, कारण पूर्वी कमिशनर मोजके, आता मोठ्या न्यायालयाचं पाठबळ आलं.

पुढे आल्तिन्योवरच्या जुन्या लिसेंवच्या (पोर्तुगीज काळातल्या शाळेच्या) इमारतीत बरीच वर्षं काढली. चढ चढून येणारे म्हातारे पक्षकार घामाघूम व्हायचे. पाण्याचा ग्लास देणं हे आम्ही आमचं काम मानायचो. मार्च २०२१ मध्ये पर्वरीची नवी इमारत झाली, तेव्हा मी निवृत्त होतो, तरी बघायला गेलो.

मला वेगळीच काळजी आहे. आपला कायदा वेगळा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, १८७० पासून इथे लागू. लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी, मुलांना बाजूला सारून सगळं मृत्युपत्राने देता येत नाही, इन्व्हेंटरीतून, म्हणजे मयताच्या मालमत्तेची न्यायालयात यादी करून, वाटणी. दमण-दीव सोडलं तर हे देशात दुसरीकडे कुठे नाही. जुने दस्त पोर्तुगीज भाषेत, तेही हस्ताक्षरात. ते वाचणारी माणसं माझ्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आज त्याहून कमी. न्यायमूर्ती कुठूनही येवोत, त्यांच्यापुढे भाषांतर बरोबर जायला हवं. एक शब्द चुकला तर भाट या घरातून त्या घरात जातं.


ऑस्टिनची सुमेधा

मी मूळची फोंड्याची, बारा वर्षं टेक्सासमध्ये. शिरस्तेदारकाका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांचा जन्म १९४९ चा, डोळे भरून आले त्यांचे.

इथली पद्धत सांगते, तुलनेसाठी. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपलं सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या राज्यघटनेने उभं करतं, त्यामुळे पन्नास तऱ्हा. टेक्सासमध्ये तर दोन सर्वोच्च न्यायालयं आहेत. दिवाणीसाठी टेक्सास सुप्रीम कोर्ट, फौजदारीसाठी कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स. दोन्हींत नऊ नऊ न्यायाधीश, आणि ते सगळे निवडणुकीने, पक्षाच्या चिन्हावर, सहा वर्षांसाठी. माझी शेजारीण मतपत्रिका घेऊन आली तेव्हा मी थक्क झाले. गव्हर्नर, शेरीफ, आणि त्याच रांगेत न्यायाधीश! नावापुढे पक्ष लिहिलेला. तिला त्यातल्या एकाचीही माहिती नव्हती, तिने पक्ष बघून खुणा केल्या.

न्यू जर्सीत माझा आतेभाऊ राहतो. तिथे गव्हर्नर नाव सुचवतो, राज्याची सिनेट मान्यता देते, सात वर्षांनी पुन्हा नेमलं की मग सत्तरीपर्यंत. कॅलिफोर्नियात गव्हर्नर नेमतो, एक आयोग मान्यता देतो, आणि मग लोक फक्त ‘ठेवायचा की नाही’ एवढं मत देतात. १९८६ मध्ये तिथल्या मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड यांना आणि आणखी दोघांना लोकांनी घालवलं, मुख्य कारण फाशीच्या शिक्षांबाबतची भूमिका. आणि न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालचं न्यायालय आहे, सर्वांत वरच्याचं नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’. नावावर जाऊ नये हे इथे येऊन शिकले.

मला विचाराल तर निवडणूक नको. जो न्यायाधीश पुढच्या मतदानाकडे बघतो तो अल्पमतातल्या माणसाला न्याय देताना कचरतो. पण इथली एक गोष्ट हवीशी वाटते. न्यू जर्सीत नाव सिनेटपुढे येतं तेव्हा उघड सुनावणी होते. तो माणूस कोण, त्याने आजवर काय केलं, सगळं लोकांसमोर.


कायद्याचं तिसरं वर्ष

मला मास्तरांचं पटतंय. सिक्कीमची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सहा लाखांच्या आसपास, गोव्याची साडेचौदा लाखांवर. सिक्कीमला स्वतःचं उच्च न्यायालय आहे. मणिपूर, मेघालय, त्रिपुरा यांना मार्च २०१३ मध्ये मिळालं, तोवर ती गुवाहाटीखाली होती. मग आपल्यालाच का नाही? आपलं उच्च न्यायालय असेल तर त्याचं स्वतःचं कॉलेजियम असेल, मत फक्त गोव्याचं विचारलं जाईल, आणि इन्व्हेंटरी जाणणारी माणसं निवडली जातील.


पर्वरीची वकीलबाई

थांब. आकडा तू बरोबर दिलास, पण पुढचाही बघ. सिक्कीम उच्च न्यायालयाची मंजूर संख्या किती? तीन. मुख्य न्यायमूर्ती धरून तीन. पूर्णपीठ (निदान तिघांचं) बसवायचं म्हटलं की अख्खं न्यायालय बसलं. त्यातल्या एकाने पूर्वी वकील म्हणून ते प्रकरण पाहिलेलं असेल तर पूर्णपीठच होत नाही. आता गोवा घे. आमच्या बारमध्ये, म्हणजे वकीलवर्गात, सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणी कुणाचा ज्युनियर होता, कुणाचा भाचा, कुणाच्या गावचा. विधी आयोगाने २००९ च्या २३० व्या अहवालात ज्याला ‘अंकल जज’ म्हटलं, म्हणजे ज्या न्यायालयात आपले नातलग वकिली करतात तिथेच न्यायमूर्ती असणं, तो धोका छोट्या राज्यात जास्त.

आणि स्वतंत्र न्यायालय झालं तरी त्याचे मुख्य न्यायमूर्ती बहुधा बाहेरूनच येणार, ती देशाची पद्धतच आहे. आपले न्यायमूर्ती फर्दिनो रिबेलो गोव्याचे, आमदारही होते एके काळी, ते मुख्य न्यायमूर्ती झाले ते अलाहाबादचे. तेच न्यायालय मोठं असेल तर गोव्याच्या माणसाला मुंबईच्या मोठ्या व्यापारी खटल्यांचा अनुभव मिळतो, आणि मुंबईच्या माणसाला गोवा कळतो. २४ जुलै २०२३ ला म्हादई अभयारण्यात तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा निकाल याच पीठाने राज्य सरकारला दिला. तो बरोबर की चूक यावर पेडण्यापासून काणकोणपर्यंत वाद आहे, प्रकरण पुढे दिल्लीतही गेलं. पण सरकार समोर असताना न डगमगता निकाल देणारं न्यायासन हवं असेल, तर ते सरकारपासून जरा लांब असलेलं बरं. हे माझं मत, बावीस वर्षांच्या अनुभवावरून.


साखळीचा मास्तर

वकीलबाई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. ‘स्वतःचं असायला हवं’ हे मी भावनेने लिहिलं होतं. भावना अजून आहे, पण प्रश्न वेगळा होता असं आता वाटतं.

माझ्या मेहुण्याला पाटीवर कुणाचं नाव आहे याने काही फरक पडत नाही. त्याला तीन गोष्टी हव्यात. न्यायमूर्तींना मुंडकार म्हणजे काय ते माहीत असावं. सुनावणी अर्धी झाल्यावर माणूस बदलू नये, भाटातलो म्हणतात तसं. आणि जुने कागद नीट वाचले जावेत, काका म्हणतात तसं. यातल्या एकाही गोष्टीसाठी घटना बदलावी लागत नाही, आणि मुंबईपासून फारकतही घ्यावी लागत नाही.

पण एक गोष्ट मला सोडवत नाही. ९४ मध्ये गोव्याचे किती, हे कुठेही लिहिलेलं नाही. नावं सुचवणारे तिघेही बहुतेक वेळा मुंबईत बसलेले. आपल्या बारमधली चांगली माणसं त्यांच्या नजरेस पडतात का? आपल्या मुख्यमंत्र्यांचं मत नावं ठरल्यावर मागितलं जातं, सुरुवातीला नाही. एखादं नाव सुरुवातीलाच गेलं नसेल तर मत कशावर देणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात गोव्याच्या समान नागरी कायद्याचं कौतुक केलं. मग तो कायदा पिढ्यान्पिढ्या वापरणाऱ्यांतली दोन-चार माणसं त्या ९४ मध्ये कायम असावीत, हे मागणं जास्त आहे का?


पर्वरीची वकीलबाई

जास्त मुळीच नाही. हे मागणं मी बारच्या सभेत स्वतः मांडलंय. आरक्षण म्हणून नव्हे, पण गोव्यातून नावं जायला हवीत, आणि वेळेवर. आजवर गेली आहेतच. रिबेलोंचं नाव वर घेतलं, न्यायमूर्ती महेश सोनक आपलेच. जिल्हा न्यायालयांतूनही माणसं वर गेलीत. पण एक निवृत्त झाला की दुसरा यायला किती काळ जातो ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये मुदती आखून दिल्या. गुप्तचर अहवाल चार ते सहा आठवड्यांत, त्यानंतर केंद्राने आठ ते बारा आठवड्यांत नाव पुढे पाठवावं, कॉलेजियमने पुन्हा तेच नाव पाठवलं तर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक. प्रत्यक्षात फाईल वर्षभर पडून राहते आणि चांगला वकील कंटाळून संमती मागे घेतो.


बांदेकर

वकीलबाई, आमच्या सिंधुदुर्गातूनही जाऊ द्या की नावं.


जुना शिरस्तेदार

मास्तर, एक सूचना. तुमच्या शेजारच्या मुलांना पर्वरीला घेऊन जा. न्यायालय उघडं असतं, कुणीही बसून ऐकू शकतं. आमच्या वेळी शाळेची मुलं आली की आम्हाला सणासारखं वाटायचं.


साखळीचा मास्तर

काका, मनातलं बोललात. नववी-दहावीची सात मुलं आहेत. वकीलबाई, काही परवानगी वगैरे?


पर्वरीची वकीलबाई

दारात पास करावा लागतो, ओळखपत्र बरोबर ठेवा. मोबाईल बंद. सकाळच्या वेळी या, बोर्ड वाचला जातो तेव्हा किती प्रकारची माणसं किती प्रकारचे प्रश्न घेऊन येतात ते दिसतं. मी असेन तर मधल्या सुट्टीत मुलांशी बोलेन. एक विनंती, येण्याआधी त्यांना कलम २३१ शिकवा.


भाटातलो

माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे. न्यायमूर्ती तेच आहेत असं भाच्याने बघून सांगितलं. मास्तर, त्या दिवशी आलात तर भेटू. सगळ्यांनी इतकं समजावून सांगितलंत, देव बरें करूं.